भाजें येथील विहारशिल्प : रेखा, प्रकाश व मांडणी

मळवली स्थानकापासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर भाजें गांवाच्या माथ्यावर जीं लेणीं आहेत, त्यांतील चैत्यगृह पाहून बहुतेक प्रवासी परततात. थोडें पुढें जाऊन तेथील विहाराची ओसरी पाहणारे विरळा. या ओसरीच्या टोकास एका खोलीच्या दाराच्या दोहों बाजूंस दोन शिल्पपट आहेत. डावीकडे चार घोड्यांचा रथ, त्यांत एक पुरुष व छत्र-चामर धरलेल्या दोन स्त्रिया. चाकांखालीं अगडबंब राक्षसी देह. उजवीकडे भला थोरला हत्ती, सोंडेंत उपटलेलें झाड. काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानितात.

हे सूर्य व इंद्र होत, असें आनंद कुमारस्वामी यांनीं मानिलें. वासुदेवशरण अग्रवाल यांनीं येथें मांधात्याची कथा पाहिली. या नामनिर्णयाच्या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु त्या वादापायीं हत्तीच्या पायांखालीं काय चाललें आहे, इकडे अभ्यासकांचें लक्ष पुरेसें गेलें नाहीं, हें आम्हांस सांगणें आहे. तेथें कठड्यानें वेढलेला पूज्य वृक्ष आहे. मानवी आकृति लोंबणारें झाड आहे. छत्राखालीं बसलेला राजा असून त्याच्यापुढें वादन व नृत्य चाललें आहे. एक अश्वमुखी स्त्रीही आहे. हीं माणसें हत्तीच्या मानानें इवलीं, पण त्यांच्या हालचाली ओळखीच्या वाटतात. वरचा स्वार मिरवणुकींतला. खालचीं माणसें आपल्याच उद्योगांत.

मांडणीस चौकट नाहीं, पायाखालची रेघ नाहीं. जें दूर तें वर, जें जवळ तें खालीं, एवढाच हिशेब. रेखा टांकीची असूनही बोटांनीं माती दाबल्यासारखी मऊ आहे. रथाच्या पटांत मात्र गर्दी झाली आहे व घोडे एकमेकांत अडकले आहेत. आमच्या मतें तो पट उणा.

प्रकाशाची गोष्ट निराळी. कलकत्त्यास बाल्ताझार सॉल्विन्स यानें १७९६ ते १७९९ च्या दरम्यान लोकांचे धंदे व चालीरीति यांचीं अडीचशें चित्रें तांब्याच्या पत्र्यावर आम्लानें कोरून काढिलीं. तशा चित्रांत सावली ही रेघांच्या जाळीनें एकदांच ठरून जाते. भाज्याच्या कारागिरानें सावली कोरलीच नाहीं. उठाव तेवढा दिला. ओसरीच्या उघड्या बाजूनें प्रकाश भिंतीला घासून तिरपा येतो, तेव्हां खालचीं माणसें उठून दिसतात. तो समोरून पडला कीं हत्ती राहतो व नर्तकी दगडांत विरते.

म्हणूनच छायाचित्रांचा प्रश्न महत्त्वाचा. कित्येक पुस्तकांत रथ व हत्ती असे दोन तुकडे कापून, जणूं दोन स्वतंत्र मूर्ति आहेत अशा रीतीनें, छापलेले आढळतात. मधलें दार गळतें, हत्तीखालचें जग अर्धें कापलें जातें. ज्या संग्राहकांपाशीं या भिंतीचीं जुनीं छायाचित्रें वा रेखाटनें असतील, त्यांनीं संबंध भिंत दाखविणारी प्रत, ती अंधुक असली तरी, कापलेल्या चकचकीत प्रतीहून मोलाची समजावी. व नवें छायाचित्र घेणारानें मागील बाजूस घेतल्याची वेळ व महिना अवश्य लिहून ठेवावा.