पर्यायांची मांडणी आणि निवृत्तीची बचत : एका अभ्यासाचे चिकित्सक परीक्षण

निवृत्तीसाठी बचत करणारी व्यक्ती स्वतःची गरज व जोखीम पेलण्याची क्षमता ओळखून गुंतवणूक करते, असे अर्थशास्त्राने दीर्घकाळ गृहीत धरले. श्लोमो बेनार्ट्झी व रिचर्ड थेलर यांच्या 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधील २००१ च्या शोधनिबंधाने या गृहीतकास धक्का दिला. प्रस्तुत टिपणात त्या निबंधाचे महत्त्व व मर्यादा तपासल्या आहेत.

लेखकद्वयाने कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या तीन गटांना बचत दोन निधींत विभागण्यास सांगितले. समभाग व रोखे हे पर्याय असता समभागांचा सरासरी वाटा ५४ टक्के होता. समभाग व संतुलित निधी या जोडीत तो ७३, तर रोखे व संतुलित निधी या जोडीत ३५ टक्के झाला. सदस्य उपलब्ध पर्यायांत रक्कम साधारण समान वाटतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला, शेवटच्या जोडीत समभागांचा वाटा निम्म्याहून अधिक होऊच शकत नाही. म्हणजे काही फरक निवडीचा नसून मर्यादेचा आहे. मात्र ७३ टक्क्यांचे स्पष्टीकरण यातून पूर्णतः मिळत नाही. दुसरा, हुबरमन व जियांग यांनी २००६ मध्ये सहाशेहून अधिक योजनांतील प्रत्यक्ष खाती तपासली. सदस्य बहुधा तीन-चारच निधी वापरतात आणि देऊ केलेल्या समभाग-निधींच्या प्रमाणाचा त्यांच्या निवडीवर फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले.

याहून महत्त्वाची उणीव अशी की, प्रयोगात प्रत्येकास उत्तर द्यावे लागले. प्रत्यक्षात अनेक जण निवडच करीत नाहीत. भारतात राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सर्व नागरिकांसाठी खुली झाली, तेव्हा निवड न करणाऱ्यासाठी वयाच्या ३५ वर्षांपर्यंत ५० टक्के समभाग व पुढे घटता वाटा असे सूत्र ठरविण्यात आले. हे सूत्र सदस्याच्या मौनालाही निवडीचे रूप देते.

१ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्या महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांच्या अध्यापकांना परिभाषित अंशदान योजना लागू करण्यात आली. त्यामुळे हा प्रश्न आपल्या वार्धक्याशी निगडित आहे. सारांश, समान वाटपाचा सिद्धान्त अपुरा असला तरी मांडणी तटस्थ नसते, हा त्यातील मूळ विचार टिकतो. म्हणून बचतीच्या फलिताची जबाबदारी केवळ सदस्यावर न टाकता पर्याय आखणाऱ्यांकडेही तिचा हिशेब मागितला पाहिजे.