आयनांचे आकारमान आणि विद्युत् द्विस्तर : एका दुरुस्तीची मर्यादा

विश्रामबागेच्या आसपासच्या कृष्णाकाठी, मिरज व वाळवा ह्या तालुक्यांत आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात, उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे पुष्कळ काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. त्यांपैकी ज्या जमिनींत सोडियमचे प्राबल्य होते त्यांस ‘चोपण’ म्हणतात. अशा मातीतील सूक्ष्म कण पाण्यात विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. निचऱ्याची सोय करून जिप्सम घातले असता ती सुधारते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. कलिल कणांभोवतीच्या विद्युत् द्विस्तराविषयीच्या सिद्धान्तास ह्याहून जवळची कसोटी आपणांस मिळणार नाही. आयनांच्या आकारमानाची दुरुस्ती ह्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ग्वी (१९१०) व चॅपमन (१९१३) ह्यांनी आयन बिंदुरूप मानले. ह्या गृहीताची परिणती चमत्कारिक होते. २५° से. तापमानास, लिटरमागे ०.०१ मोल इतकी संहती असलेल्या विद्रावात पृष्ठभागाचे वर्चस् २०० मिलिव्होल्ट असल्यास, विरुद्ध भाराच्या एकसंयुजी आयनांची पृष्ठभागाजवळील संहती लिटरमागे सुमारे २४ मोल निघते. परंतु जलयोजित सोडियम आयनाचा व्यास सुमारे ७.२ अँगस्ट्रॉम असतो. तेवढ्या बाजूच्या प्रत्येक घनात एक आयन बसविला तरी लिटरमध्ये ४.४ मोलांहून अधिक आयन मावत नाहीत. स्टर्न ह्यांनी १९२४ मध्ये पहिल्या थरापुरता तोडगा सुचविला. बिकरमन ह्यांनी १९४२ मध्ये आयनांचे घनफळ संपूर्ण विसरित थरासाठी हिशेबात घेतले. आणि बोरुखोव्ह, अँडेलमन व ऑर्लाँ ह्यांनी १९९७ मध्ये जालकाच्या कल्पनेवरून तोच विचार नव्याने मांडला. ह्या मांडणीत संहतीला कमाल मर्यादा येते. ती गाठल्यावर थर अधिक दाट न होता बाहेरच्या बाजूस वाढत जातो. असंभाव्य संहती नाहीशी झाली, हे ह्या दुरुस्तीचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि दोन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला असा की, ‘आकारमान’ म्हणजे कोणते? स्फटिकातील सोडियम आयनाचा व्यास सुमारे २ अँगस्ट्रॉम आहे. तो स्वीकारल्यास वरील कमाल मर्यादा चव्वेचाळीस पटींच्या घरात वाढते आणि २४ मोलांची संहतीही असंभाव्य उरत नाही. जी राशी प्रयोगाशी मेळ बसेपर्यंत बदलता येते, ती स्पष्टीकरण देत नाही; ती केवळ अज्ञानाला नाव देते. दुसरा आक्षेप जालकाविषयीचा आहे. a व्यासाचे कठीण गोल विरल असताना त्यांच्या परस्पर-अडथळ्याचा पहिला गुणांक २.०९a³ येतो, जालकात तो केवळ ०.५a³ येतो. म्हणजे गर्दीचा परिणाम जालकात सुमारे चौपटीने कमी धरला जातो.

आता मूळ कसोटीकडे वळू. काळ्या मातीतील प्रमुख खनिज माँटमोरिलोनाइट असून त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ०.१ कूलंब ऋण भार असतो. पृष्ठभागावरील दाब केवळ भारघनतेवर अवलंबून असल्यामुळे, बिंदुरूप आयनांच्या सिद्धान्तानुसार सोडियम असो वा कॅल्शियम, पृष्ठभागालगतची संहती सुमारे २.९ मोल येते. जलयोजित व्यास अनुक्रमे ७.२ व ८.२ अँगस्ट्रॉम धरून बिकरमन ह्यांची दुरुस्ती लावल्यास ती २.१ व १.९ मोल होते. म्हणजे येथे दुरुस्ती उपेक्षणीय नाही. पण तिचा रोख पाहावा. कॅल्शियमचा जलयोजित आयन मोठा असल्यामुळे तो पृष्ठभागापासून अधिक दूर ढकलला जातो. केवळ आकारमानाचाच विचार केला तर तो जिप्समच्या विरुद्ध साक्ष देतो!

द्विसंयुजेमुळे कॅल्शियमचे निम्मेच आयन पुरतात व थर आकुंचित होतो, हे खरे. परंतु तेवढ्याने भागत नाही. सोडियमयुक्त माँटमोरिलोनाइट विरल विद्रावात कितीतरी फुगते. कॅल्शियमयुक्त मात्र पत्र्यापत्र्यांमधील आवर्ती अंतर सुमारे १९ अँगस्ट्रॉम झाल्यावर थांबते, हे नॉरिश ह्यांनी १९५४ मध्ये दाखविले. सरासरी क्षेत्रावर आधारलेल्या सिद्धान्तात दोन समान पृष्ठभागांमधील विद्युत् बल प्रतिकर्षकच राहते, मग आयन बिंदुरूप असोत वा आकारमानयुक्त. व्हॅन डर वाल्स आकर्षणाखेरीज जे विद्युत् आकर्षण द्विसंयुजी आयनांमुळे उद्भवते, ते आयनांच्या परस्परसंबद्ध हालचालींतून येते. गुल्डब्रांड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माँटे कार्लो पद्धतीने ते दाखवून दिले.

सारांश, तीव्र वर्चस् असलेल्या धातूच्या विद्युत् अग्रांवर अथवा आयनी द्रवांत ही दुरुस्ती अपरिहार्य आहे. मातीच्या बाबतीत मात्र संयुजा व आयनांचा परस्परसंबंध ह्यांच्या मागूनच तिचा क्रम लागतो. आकारमान स्वतंत्र मापनावरून निश्चित करावे, आणि तो आकडा बदलावा लागला तर आपला सिद्धान्त कोठे अपुरा पडला ह्याचा शोध घ्यावा, एवढीच अपेक्षा संशोधक विद्यार्थ्यांकडून आहे.