चाहत्याची रेघ

चित्रकथेचे मोल केवळ सुबक रेखाटनावर ठरत नाही, याची प्रचिती आम्हांस ‘वन-पंच मॅन’ या जपानी चित्रकथेने दिली. ‘वन’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या लेखकाने ती २००९ साली स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. रेखाटन ओबडधोबड, पण कल्पना अस्सल : एकाच ठोशात शत्रूंना लोळविणारा नायक सैतामा विजयालाच कंटाळला आहे!

‘आयशील्ड २१’मुळे नावारूपास आलेले चित्रकार युसुके मुराता या कथेचे चाहते झाले. वन यांना लेखकपदी ठेवूनच २०१२ पासून त्यांनी ती नव्याने रेखाटली. त्यांची युद्धदृश्ये डोळे दिपवितात. मात्र त्या झगमगाटात मूळच्या कोरड्या विनोदाची धार क्वचित बोथट होते, असे आमचे मत आहे. तरीही सैतामाचा तुळतुळीत, निर्विकार चेहरा त्यांनी साधाच राहू दिला. त्यांच्या रसिकतेची खूण येथेच पटते. निष्णात हाताने हौशी हातापुढे नम्र व्हावे, हे सोपे नव्हे. खरा चाहता मूळ कृतीची दुरुस्ती करीत नाही. तिच्यात आपणांस जे दिसले, ते इतरांस दाखवितो.