टूर द फ्रान्समधील वॅटचा पुरावा : एक चिकित्सा

दीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यतीत स्पर्धकाची शक्ती वॅटमध्ये मोजण्याची पद्धत, जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी 1986 मध्ये क्रँकवरील मापक सिद्ध केल्यानंतर हळूहळू रूढ झाली. प्रशिक्षणासाठी निर्माण झालेले हे परिमाण पुढे स्पर्धकाच्या सचोटीची कसोटी म्हणून वापरले जाऊ लागले. लान्स आर्मस्ट्राँग यांची सात विजेतेपदे 2012 मध्ये रद्द झाल्यानंतर अशा संशयाला निराधार म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो पुराव्याच्या प्रतीचा.

या दृष्टीने क्रिस फ्रूम यांचे प्रकरण उद्बोधक ठरते. 14 जुलै 2015 रोजी त्यांनी पिरेनीज पर्वतातील ला पिएर-सँ-मार्तँ हा 15.3 किलोमीटर लांबीचा, सरासरी 7.4 टक्के चढ सुमारे साडेएकेचाळीस मिनिटांत पार केला. चार दिवसांनी एका प्रेक्षकाने त्यांच्यावर मूत्र फेकले. त्यानंतर फ्रेंच दूरचित्रवाणीने प्रतिकिलो 7.04 वॅट हा अंदाज प्रसारित केला. संशयाला आकड्याची प्रतिष्ठा लाभली ती अशी.

हा चढ सुमारे 1130 मीटर उंचीचा आहे. केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सायकलसह एकूण वजनाच्या दर किलोमागे सुमारे 4.5 वॅट लागतात, एवढे निर्विवाद. उर्वरित भाग वाऱ्याचा रोध, टायरचे घर्षण आणि स्पर्धकाचे वजन यांविषयीच्या गृहीतांवर उभा असतो. वाटेतला वारा मोजलेला नसताना दशांशचिन्हापुढे दोन अंक देणे ही अचूकता नव्हे, अचूकतेचा आभास होय.

संघाची बाजूही निर्दोष नाही. स्काय संघाने 21 जुलै रोजी 414 वॅट, 67.5 किलो वजन आणि प्रतिकिलो 5.78 वॅट अशी आकडेवारी दिली. साधा भागाकार मात्र 6.13 येतो! लंबवर्तुळाकार दंतचक्रामुळे मापक शक्ती वाढवून दाखवतो, म्हणून सुमारे 6 टक्के वजावट केल्याचे संघाने सांगितले. एका फेरीतही पायाचा वेग बदलत असल्याने हे कारण शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य आहे. परंतु वजावटीचे प्रमाण ठरवणारा पक्षच येथे आरोपी होता.

ऑगस्टमध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत फ्रूम यांची चाचणी झाली. 69.9 किलो वजनावर त्यांची दीर्घकाळ टिकणारी शक्ती 419 वॅट, म्हणजे प्रतिकिलो सुमारे 6 वॅट, आढळली. त्यावरून त्यांची क्षमता कळते. 14 जुलैच्या चढावर तिच्यातील किती खर्ची पडली, हे नव्हे.