भुलाबाईचे सासर : कल्पित वस्तीतील प्रवेशाचे व्याकरण

संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळावयाचे भूमिकाखेळ हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. एक गाव कल्पिले जाते. त्याचे रस्ते, दुकाने, शाळा, नदीचा घाट यांची जुजबी माहिती आरंभी दिलेली असते. येणारा प्रत्येक जण स्वतःसाठी नाव, वय आणि व्यवसाय ठरवितो आणि त्या कल्पित व्यक्तीने काय केले, काय म्हटले, ते लिहितो. दुसरा त्यास आपल्या पात्राच्या बाजूने उत्तर देतो. अशा रीतीने महिनोन्महिने एक कथा वाढत जाते; तिला एक कर्ता नसतो आणि तिचा शेवट कोणासही ठाऊक नसतो. साहित्यसमीक्षेने या लेखनाकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. पोरांची करमणूक म्हणून ते बाजूस सारले जाते, नाहीतर यंत्रविद्येचा विषय म्हणून. परंतु जे गाव अस्तित्वातच नाही, त्यात माणूस कोणत्या शब्दांनी शिरतो, हा त्यातील मूळ प्रश्न शुद्ध भाषेचा आहे. मराठीस तो अपरिचितही नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वर्धा जिल्ह्यातील आणि एकंदर विदर्भातील अंगणांत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तेव्हा त्याही एका कल्पित घरात शिरत असतात. त्या घराचे नाव सासर.

या दोन खेळांची तुलना वरवर पाहता ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. एक खेळ मुखाचा, दुसरा लेखणीचा. एकाचे शब्द परंपरेने ठरलेले, दुसऱ्याचे प्रत्येक वेळी नवे. हा भेद मोठा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. तथापि, साम्य जेथे आहे तेथे ते वरवरचे नाही.

प्रथम नव्या खेळाचे व्याकरण पाहू. केवळ शब्दांनी रचलेले आणि अनेकांनी एकाच वेळी वावरावयाचे असे पहिले प्रसिद्ध जग १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने रचावयास घेतले आणि रिचर्ड बार्टल याने पुढे वाढविले. त्यात चित्र नव्हते. जे होते ते सारे वाक्यांत होते. या परंपरेतील खेळांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. खेळणारा काही बोलला, की त्याच्या स्वतःच्या पडद्यावर ‘तू म्हणतोस’ अशा अर्थाचे वाक्य उमटते आणि त्याच क्षणी इतरांच्या पडद्यांवर ‘अमुक म्हणतो’ असे वाक्य उमटते. करणारा एक, कृती एक. पण पुरुष दोन, आणि प्रथमपुरुषास येथे जागाच नाही. रोमान याकोबसनने १९५७ साली सर्वनामांसारख्या शब्दांचा विचार मांडला. बोलणारा बदलला की ज्यांचा निर्देश बदलतो, असे हे शब्द. त्याला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. खेळात शिरणारा माणूस ‘मी’ म्हणून शिरत नाही. त्याला आधी ‘तू’ आणि ‘तो’ व्हावे लागते. दारावर द्यावयाचे मोल हेच.

१९९० साली पॅव्हेल कर्टिस याने कॅलिफोर्नियातील आपल्या घराच्या नमुन्यावर ‘लॅम्डामू’ नावाचे असेच एक शब्दांचे जग उभे केले. त्यात नवा येणारा प्रथम एका अंधाऱ्या कपड्यांच्या खोलीत येऊन पडतो आणि तेथून दार उघडून बैठकीत जातो. रचनाकाराने हे विनोदाने केले असेल. पण प्रवेश म्हणजे काय, हे त्याला नेमके कळले होते. माणूस आधी कोट टांगण्याच्या जागी येतो, म्हणजे अंगावरचे उतरविण्याच्या जागी.

आता भुलाबाई. मातीच्या भुलाबाईची आणि भुलोजीची स्थापना होते. रोज संध्याकाळी मुली एकमेकींच्या घरी जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात आणि पुढल्या घराकडे निघतात. कोजागिरीस ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करतात. (सोयाबीनने ज्वारीची शेते खाल्ल्यापासून हे पाच धांडे मिळविणे हीच मोठी खटपट होऊन बसली आहे.) भुलाबाई म्हणजे पार्वती; परंतु कथा सांगतात ती अशी, की रुसून गेलेल्या शंकरास परत आणण्यासाठी तिने भिल्लिणीचे रूप घेतले, तो तिला भुलला, म्हणून तो भुलोजी. अर्थात ज्या मूर्तीसमोर मुली गातात, ती देवी स्वतःच सोंगात आहे. भूमिकाखेळास याहून योग्य अधिदेवता शोधून सापडणार नाही.

या गाण्यांतील सासर हे एक पुरेपूर वसविलेले घर आहे. सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद आणि भरतार हे सारे त्यात आहेत. प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाचा बोलण्याचा ढंग ठरलेला आहे. कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांस परिचित आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. सून सांगते की पेरले, आता जाऊ का? मग कोंब, मग वेल, मग फूल, मग कारले, मग भाजी. प्रत्येक वेळी अट पुढे सरकते. या गाण्याची वाक्यरचना पाहावी. सासूचे क्रियापद आज्ञार्थी, सुनेचे पहिले क्रियापद भूतकाळी, दुसरे पृच्छेचे. आज्ञा, पूर्ती, याचना. आणि पुन्हा आज्ञा. येथे महत्त्वाचे आहे ते मधले भूतकाळी क्रियापद. बी पेरल्याचे म्हटले, की ते पेरले गेले. दुसरा कोणताही पुरावा गाण्यात मागितला जात नाही. सासूही तो मागत नाही. ऑस्टिनने ज्या वाक्यांना कृतीचा दर्जा दिला, त्यांच्याच जातीचे हे वाक्य आहे, आणि संगणकावरील कल्पित गावात ‘तिने दार उघडले’ असे लिहिताच दार उघडते, तेही याच न्यायाने. वेल वाढण्यास लागणारे महिने कडव्यांच्या पाचसात वळणांत सरतात. सून शब्दाने काळ जिंकते, म्हणूनच सासूला शेवटी अटी पुरत नाहीत. प्रचलित पाठात सून अखेर वेणीफणी करून माहेरी जाते, याकडे समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

याचे कारण आहे. मराठीत स्त्रीगीतांचा अभ्यास सुरू झाला तो संकलनाच्या वाटेने, आणि ते योग्यच झाले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, दुर्गा भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासास शिस्त लावली. परंतु पुढे या गीतांच्या विवेचनाचा एक साचा पडला. गीत म्हणजे स्त्रीच्या दुःखाचा दस्तऐवज, सासुरवासाची साक्ष. साक्ष ती आहे, यात शंका नाही. ज्या समाजात मुलगी कोवळ्या वयात परक्या घरी जात होती, त्या समाजाखेरीज ही गाणी उपजली नसती. पण साक्ष देणाऱ्याचा ‘मी’ हा त्याचा स्वतःचा असतो. भुलाबाईचे गाणे म्हणणारी दहा वर्षांची मुलगी ज्या सासूची तक्रार करते, ती सासू तिला नाही. ज्या माहेरी जाऊ मागते, त्याच माहेरच्या अंगणात ती उभी आहे. तिच्याशेजारी कदाचित सणासाठी आलेली लग्न झालेली बहीण उभी असते आणि तोच शब्द तिच्या तोंडी आठवण होतो. एक वाक्य, दोन तोंडे, दोन काळ. दस्तऐवजाच्या वाचनात हा भेद पुसला जातो. खेळाच्या वाचनातच तो दिसतो.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. सासूची वाक्ये कोण म्हणते? सासूची भूमिका करणारी मुलगी फेरात वेगळी काढलेली नसते. सुनेची याचना ज्या कंठांतून निघते, त्याच कंठांतून सासूची आज्ञाही निघते. नकार देणारी आणि नकार ऐकणारी एकच. सुनेने पुढे सासू व्हावयाचे असते, हे समाजशास्त्र येथे एका शब्दानेही न सांगता प्रत्येक मुलीच्या जिभेवर बसते. काहींना यात शोषणाची तालीम दिसेल, आणि तसे म्हणणाऱ्यास सहज खोडून काढता येणार नाही. पण सासूचे वाक्य म्हणताना मुलींच्या आवाजात जी नक्कल आणि जे हसू येते, ते ज्याने ऐकले आहे त्याला ही केवळ शरणागती वाटणार नाही.

संगणकावरील कल्पित गावाचा नियम याच्या नेमका उलट आहे. तेथे प्रत्येक भूमिकेस एक धनी असतो, आणि दुसऱ्याच्या पात्राने काय केले हे आपण लिहू नये, हा जवळजवळ सर्व खेळांतील पहिला दंडक आहे. हा दंडक मोडला तर काय होते, ते १९९३ साली लॅम्डामूत दिसले. एका खेळाडूने एक युक्ती वापरून इतरांच्या पात्रांच्या नावे त्यांच्या इच्छेविरुद्ध हिडीस कृत्यांची वाक्ये बैठकीत उमटविली. कोणाच्या शरीरास हात लागला नव्हता. लिहिली गेली ती फक्त वाक्ये. तरी ज्यांच्या नावे ती लिहिली गेली त्यांना खरा आघात झाला. त्यावर त्या जगात मोठी चर्चा झाली आणि त्या पात्रास तेथून काढून टाकण्यात आले. ज्यूलियन डिबेल याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’ पत्रात या प्रकरणावर लिहिले, तेव्हापासून ते अभ्यासकांच्या चर्चेत आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यातील गुन्हा सर्वनामाचा होता : दुसऱ्याचा ‘तो’ बळकावण्याचा. भुलाबाईच्या फेरात हा गुन्हा घडूच शकत नाही, कारण तेथे कोणतेही पात्र कोणाच्या मालकीचे नाही. मात्र याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. ज्या खेळात भूमिकेला धनी नसतो, त्यात एखाद्या मुलीस सासूला नवे उत्तर देण्याची सोयही नसते. फार तर एखादे नाते वाढेल, एखादी भाजी बदलेल. सून ठाम नकार देते, असे कडवे एकटीने रचून फेराकडून म्हणवून घेणे दुष्कर.

कल्पित गाव मराठीत वसवू पाहणाऱ्यास आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजीत खेळणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत पहिल्याच भूतकाळी वाक्यात ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावे लागते. त्यापुढे समोरच्यास तू म्हणावयाचे, तुम्ही की आपण, हे ठरवावे लागते, आणि ते ठरले की नवख्याची त्या गावातील पायरीही ठरते. वर्ध्याकडच्या बोलीत तर ही खूण अधिक ठळक आहे. बाईला ‘वो’, गड्याला ‘गा’, तरुण सोबत्यास ‘बे’. बाई स्वतःविषयी ‘मी गेली’ म्हणते. चतुर्थीस ‘मले’, ‘तुले’. आर्वीच्या वा हिंगणघाटच्या धर्तीवर कोणी कल्पित गाव वसविले आणि त्यातील माणसे एकमेकांशी पाठ्यपुस्तकी मराठीत बोलू लागली, तर घरांची आणि गल्ल्यांची नावे कितीही खरी घातली तरी त्या गावास वस्ती लाभणार नाही.

भुलाबाईच्या गाण्यांवरही आज नेमके हेच संकट आहे. छापील पुस्तिकांत आणि हातातल्या मोबाइलवर जो पाठ मिळतो, त्यात ‘मले’चे ‘मला’ झालेले असते, ‘वो’चे ‘गं’ झालेले असते. पूर्वी नव्या मुलीचा प्रवेश फेरातूनच होत असे. पहिल्या संध्याकाळी ती फक्त टिपऱ्या वाजवी. मग कडव्याचा शेवटचा शब्द तिला सापडे, मग अर्धी ओळ, आणि पंधरवड्यात सारे गाणे. आधी ताल, मग धृपद, शेवटी पात्रांची वाक्ये, असा तो क्रम होता. आता ती पहिल्याच दिवशी पडद्यावरून सारे वाचू शकते. गाणे तिला लवकर येते. सासूचा तो ओढलेला स्वर मात्र येत नाही, कारण तो लिहिलेला नसतो. हा ऱ्हासच आहे असे मात्र घाईने म्हणू नये. फेराचे दारही सर्वांस सारखे उघडे होते असे नाही; कोणाच्या अंगणात कोणत्या आळीच्या मुली येत, हे गावाची जात ठरवीत असे. पडदा ते विचारीत नाही.

संकलनांत एक उणीव मात्र सहज भरून काढता येण्याजोगी आहे. जवळजवळ प्रत्येक संग्रह शेवटच्या गाण्यापाशी थांबतो. खेळ तेथे थांबत नाही. गाणी संपली की झाकलेला डबा मधोमध येतो, त्यातील खाऊ ओळखावयाचा असतो. डबा हलवून आवाज ऐकविला जातो. गोड की तिखट, ओले की कोरडे, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न सुटतात. गाण्यात सासूचे आणि सुनेचे बोल म्हणणाऱ्या मुली येथे प्रथमच आपापल्या नावाने, आपापल्या आवाजात आणि आपल्या गावच्या बोलीत बोलतात. ‘मी’ ज्याचा त्याला परत मिळतो. भूमिका उतरविण्याचा हा विधी गाण्याइतकाच ठरलेला आहे, पण तो गद्यात असल्यामुळे संग्राहकाच्या वहीत आला नाही. ज्या घरी खेळ चालू असतो, तेथील मुलीस उत्तर ठाऊक असते. आईबरोबर चुलीपाशी बसून तिने तो खाऊ केलेला असतो. बाकीच्या ओरडत असताना तिने ओठ मिटून बसावयाचे असते.