'रक्तस्तंभन' : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :
शास्त्रीय मराठीत वाहते रक्त थांबविण्याच्या क्रियेस 'रक्तस्तंभन' आणि ते घडविणाऱ्या द्रव्यास 'रक्तस्तंभक' म्हटले जाते. ही संज्ञा संस्कृतप्रचुर असून भारदस्त वाटते. तथापि पारिभाषिक संज्ञेची कसोटी भारदस्तपणा ही नसून अर्थाची नेमकेपणाने उकल ही होय. या कसोटीवर प्रस्तुत संज्ञा कितपत उतरते, याचा विचार येथे केला आहे.

व्युत्पत्ती व परंपरा :
'स्तंभ्' या धातूचा अर्थ रोखणे, ताठ वा निश्चल करणे असा आहे. 'स्तंभित होणे' या मराठी प्रयोगात हीच छटा दिसते. तंत्रशास्त्रातील षट्कर्मांतही स्तंभनाची गणना होते व तेथे त्याचा अर्थ प्रतिपक्षाची गती कुंठित करणे असा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघन, बृंहण, रूक्षण, स्नेहन, स्वेदन व स्तंभन असे सहा उपक्रम सांगितले आहेत. म्हणजे तेथे स्तंभन ही व्यापक संज्ञा असून ती केवळ रक्तापुरती मर्यादित नाही.

रक्ताच्या संदर्भात चरकाने 'शोणितस्थापन' हा स्वतंत्र गण योजिला असून मध, ज्येष्ठमध, लोध्र, गैरिक, मोचरस इत्यादी द्रव्ये त्यात येतात. टीकाकार चक्रपाणी यांनी 'स्थापन' याचा अर्थ दूषित रक्ताची दुष्टी दूर करून त्यास प्रकृतीवर आणणे असा लावला आहे. स्तंभनात अडविणे आहे, तर स्थापनात पूर्ववत करणे आहे. रक्तपित्ताच्या चिकित्सेत बलवान रुग्णाचे दूषित रक्त आरंभीच अडवू नये, असे चरक बजावतो. यावरून हा भेद केवळ शाब्दिक नसून उपचाराच्या निर्णयाशी निगडित आहे, हे स्पष्ट होते.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन व दहन. कषाय द्रव्ये व्रण सांधतात, शीत द्रव्ये रक्त घट्ट करतात, भस्म पाचन घडविते आणि दाह शिरांचा संकोच करतो. इतर उपाय निष्फळ ठरल्यासच दहन करावे, असा क्रमही त्याने दिला आहे. येथे प्रत्येक क्रियेस स्वतंत्र नाव आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही रक्तवाहिनीचे आकुंचन, रक्तपट्टिकांचा अडसर आणि रक्त साकळणे असे टप्पे मानते. दोन्ही शास्त्रांची तत्त्वे भिन्न असल्याने त्यांचे समीकरण मांडणे योग्य नव्हे. परंतु एकाच 'स्तंभन' शब्दाखाली या साऱ्या क्रिया झाकल्या जातात, ही उणीव मात्र दोन्हींच्या संदर्भात जाणवते.

लोकव्यवहारातील शब्द :
याउलट बोलीभाषेची शब्दसंपत्ती लक्षणीय आहे. रक्त भळभळते, ठिबकते, साकळते, त्याची गुठळी होते, जखमेवर खपली धरते. दाढी करताना कापलेल्या जागी न्हावी तुरटी फिरवितो. 'तुरट' म्हणजेच कषाय. अर्थात सुश्रुताचा कषाय रस मराठी माणसाच्या घरात तुरटीच्या नावातच वावरतो. शेतात विळा लागल्यास दगडीपाल्याचा रस जखमेवर पिळण्याची रीतही ग्रामीण भागात परिचित आहे. 'गोठणे' हा शब्द मात्र भीतीच्या अर्थानेही रूढ असल्याने शास्त्रीय लेखनात 'साकळणे' अधिक निःसंदिग्ध ठरतो.

संज्ञेतील मुख्य दोष :
'रक्तस्तंभन' या समासात 'स्राव' हा घटकच नाही. शब्दशः पाहता रक्त थांबविणे असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः थांबवावयाचा असतो तो रक्तस्राव, रक्ताभिसरण नव्हे. जखमेवर थेट दाब देणे आणि अवयव दोरीने आवळून त्याचा रक्तपुरवठाच तोडणे, या दोन क्रियांतील अंतर प्रथमोपचारात निर्णायक असते. दुसरी क्रिया गैररीतीने वा दीर्घकाळ केल्यास अवयव गमावण्याची भीती असते. औषधाच्या वेष्टनावर वा आरोग्यपुस्तिकेत ही संज्ञा वाचणाऱ्या सामान्य वाचकास हे अंतर तिच्यावरून उमगत नाही.

निष्कर्ष :
आयुर्वेदाच्या विवेचनात 'रक्तस्तंभन' ही संज्ञा परंपरेच्या संदर्भासह राहण्यास हरकत नाही. परंतु लोकशिक्षणपर लेखनात 'रक्तस्राव थांबविणे', 'रक्त साकळविणारे औषध', 'शिरा आकुंचित करणारे औषध' असे क्रियादर्शक प्रयोग करणे इष्ट ठरेल. ते लांब आहेत, हा आक्षेप मान्य केला तरी जेथे प्रश्न प्राणांचा आहे तेथे दोन शब्द अधिक खर्चून आलेली स्पष्टता महाग म्हणता येणार नाही.