निनावी पत्र आणि वाहकाचे उत्तरदायित्व

येडशीच्या एखाद्या रहिवाशाने सार्वजनिक कामातील गैरव्यवहार नाव न देता कळवावयाचे ठरविले, तर ते पत्र पोचविणाऱ्याने किती जोखीम पत्करावी? ई-मेलवरील प्रेषकाचे नाव काढून तो पुढे धाडणाऱ्या ‘रीमेलर’ सेवांचा विचार करताना हाच प्रश्न मुख्य ठरतो.

आपल्या इतिहासात त्याला एक दाखला आहे. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त टोपणनावाने आलेल्या ‘शिवाजीचे उद्गार’ इत्यादी मजकुराबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. संपादक टिळक यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. मुद्रक केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. मजकूर एकच, परंतु निवडणारा आणि छापणारा यांचे उत्तरदायित्व भिन्न ठरले.

रीमेलर हा मुद्रकाहूनही अलिप्त असतो. तथापि फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी चालविलेल्या सेवेत टोपणनाव व खरा पत्ता यांचे कोष्टक ठेवले जाई. १९९५ मध्ये त्यातील एक नाव पोलिसांना द्यावे लागले आणि १९९६ मध्ये सेवाच बंद झाली. दोष चालकाच्या निष्ठेत नव्हता. तो कोष्टकात होता. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच मांडलेल्या योजनेत पत्र अनेक वाहकांतून जाते. पहिल्यास केवळ प्रेषक कळतो, शेवटच्यास केवळ प्राप्तकर्ता. ‘मिक्समास्टर’ याच तत्त्वावर उभारलेले आहे.

‘जो जाणत नाही तो सुरक्षित’ हे या पक्षाचे प्रतिपादन मात्र अर्धेच खरे आहे. एप्रिल २०१२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाला आलेल्या बॉम्बच्या धमक्यांच्या तपासात अमेरिकन यंत्रणेने रीमेलर चालविणारा सर्व्हर उचलून नेला. चालकाचे अज्ञान प्रेषकाची ओळख राखते. ते चालकाचे यंत्र राखीत नाही. संशय साहजिकच शेवटच्या वाहकावर येतो, कारण पत्रावर पत्ता त्याचाच असतो. म्हणून नवख्याने केवळ मधला दुवा चालवावा. शेवटचा दुवा चालविणाऱ्याने त्यासाठी स्वतंत्र यंत्र ठेवावे, प्रत्येक पत्रावर सेवेच्या स्वरूपाची सूचना द्यावी, पत्रसंख्येला मर्यादा घालावी आणि ज्याला अशी पत्रे नकोत त्याचा पत्ता विनंतीवरून वगळावा.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ मध्यस्थाला सशर्त संरक्षण देते. परंतु एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे निर्देश १८० दिवसांच्या नोंदी राखावयास सांगतात. ज्या नोंदीच्या अभावावर ही रचना उभी आहे, तीच येथे बंधनकारक ठरते. तंत्राची सावधगिरी येथे संपते. परकीय राजवटीतील ज्यूरीलाही जो भेद करता आला, तो आजच्या कायद्याने अधिक स्पष्टपणे करावा, एवढीच अपेक्षा.